बायोडाटा एकटाच जातो

महाडच्या बाजारपेठेत माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. २००४ साली सुरू केलं. राहायला पोलादपूर. सकाळच्या एसटीने अठरा-वीस किलोमीटर येते, दिवेलागणीला परत जाते. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, शाळांच्या प्रश्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, सगळं या हातांनी टाईप केलं. पण मोजायला बसले तर सगळ्यात जास्त भरतील ते नोकरीचे बायोडाटा.

माझे सासरे मुंबईत गिरणीत होते. त्यांना नोकरी लागली तेव्हा कागद लागलाच नाही. गावचा एक माणूस आधीपासून खात्यात होता, त्याने जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या कानावर घातलं, जॉबरने पोरगा नजरेखालून घातला आणि बदलीवर घेतला. १९८२चा गिरणी संप झाला, ते गावी आले ते कायमचेच. पुढे महाडची एमआयडीसी वाढली आणि आमच्या भागातली पोरं प्लास्टिकच्या फाईलमध्ये दाखले घालून गेटवर उभी राहू लागली. तिथेही माणूस समोर असायचा. कागदावर काही चुकलं तर तोंडाने सांगता यायचं. आता फाईल ई-मेलने जाते. पुण्यात, ठाण्यात, वापीला कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर उघडते, आणि तिथे तिच्या बाजूने बोलायला कोणी नसतं. वीस वर्षांत जे शिकले ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

१. वर्डची फाईल जशीच्या तशी पाठवू नका, पीडीएफ करा.

हे मी २००९ साली शिकले. बिरवाडीकडची एक मुलगी, बीएस्सी केमिस्ट्री झालेली. तिचा बायोडाटा मी मन लावून केला होता, कारण क्वालिटी कंट्रोलच्या जागेसाठी इतकी नीटनेटकी मुलगी मी पाहिली नव्हती. माझ्याकडे नुकतंच वर्ड २००७ आलं होतं. त्यात सेव्ह केलेली फाईल ‘डॉक्स’ प्रकारची होते, आणि जुन्या वर्डमध्ये वेगळं पूरक सॉफ्टवेअर घातल्याशिवाय ती उघडत नाही, हे मला माहीतच नव्हतं. ज्या कंपनीला पाठवली तिथे जुनं वर्ड होतं. आठ दिवस उत्तर नाही. तिच्या ओळखीचं कोणी तिथे कामाला होतं म्हणून कळलं की फाईलच उघडली नाही आणि त्यांनी पुढची घेतली. ओळख नसती तर ती मुलगी जन्मभर समजत राहिली असती की आपल्यातच काही कमी होतं.

पीडीएफमध्ये अक्षरं, त्यांचा आकार, ओळी, रकाने जिथल्या तिथे राहतात. अक्षराचा फाँटही फाईलसोबत जातो. वर्ड २०१०पासून ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ थेट मिळतं, मोबाईलवरही होतं. वर्डची प्रत मात्र जपून ठेवा, पुढच्या दुरुस्त्या तिच्यातच करायच्या आहेत. आणि जाहिरातीत ‘वर्डमध्येच पाठवा’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर वर्डमध्येच पाठवा. मागणाऱ्याचं ऐकणं हीसुद्धा कामाची पहिली परीक्षा असते.

एक प्रकार मात्र बंद करा. पुष्कळ मुलं छापलेला बायोडाटा मोबाईलने स्कॅन करतात आणि त्याची पीडीएफ पाठवतात. ती पीडीएफ दिसते, पण तो फोटो असतो. त्यातला नंबर कॉपी करता येत नाही, आणि तिकडच्या माणसाने शेकडो फायलींत ‘बॉयलर’ असा शब्द शोधला तर बहुधा तुमची फाईल सापडत नाही.

२. जागा स्पेसबारने भरू नका.

‘नाव’ लिहायचं, वीस वेळा स्पेस दाबायचा, मग अपूर्णविराम. खाली ‘जन्मतारीख’, चौदा स्पेस, अपूर्णविराम. माझ्या पडद्यावर सगळे एका रेषेत दिसतात. फाँट बदलला की नागमोडी रांग होते. टॅब वापरा, किंवा दोन रकान्यांचं बिनरेघांचं साधं टेबल. नाव आणि फोन नंबर टेक्स्ट बॉक्समध्ये किंवा अगदी वरच्या हेडरमध्ये घालू नका. नोकरीच्या वेबसाईटवरचं सॉफ्टवेअर कित्येकदा तिथलं वाचतच नाही, आणि तुमचा बायोडाटा बिननावाचा होतो.

कागदाचा आकार ए-फोर ठेवा, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. आमच्या धंद्यात प्रतिज्ञापत्रांमुळे लीगल कागदाची सवय असते. तो ३५६ मिलिमीटर लांब. त्या मापावर बसवलेला बायोडाटा ए-फोरवर छापला की एक तर अक्षर बारीक होतं, नाही तर तळ कापला जातो, आणि तळाशीच तर शेवटचा अनुभव लिहिलेला असतो. चारी बाजूंना इंचभर समास, मजकूर ११ किंवा १२च्या अक्षरात, एकच फाँट. रंगीत चौकटी, वेलबुट्टी नको. नव्या मुलाला एक पान पुरतं, दहा-बारा वर्षं काम केलेल्याला दोन.

३. लग्नाचा बायोडाटा वेगळा, नोकरीचा वेगळा.

आपल्याकडे दोघांनाही शब्द एकच, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. घरात ताईच्या लग्नाच्या वेळी केलेली फाईल असते. वर ‘श्री गणेशाय नमः’, खाली उंची, वर्ण, रास, कुलदैवत, वडिलांचा व्यवसाय, मामाचं गाव. भाऊ तीच फाईल पेनड्राईव्हवर घेऊन येतो आणि म्हणतो, ‘मॅडम, यातच शिक्षण वाढवा, कंपनीला पाठवायचाय.’ गणपतीवर माझीही श्रद्धा आहे. पण नोकरी देणाऱ्याला तुमची रास नको, तुम्ही सेंट्रीफ्यूज चालवलाय का ते हवं. पानाचा वरचा तिसरा हिस्सा सगळ्यात मोलाचा. वाचणारा तेवढाच आधी बघतो. तो आई-वडील-मामांनी भरून गेला की तुमचं काम दुसऱ्या पानावर ढकललं जातं.

धर्म, जात, पोटजात हे रकाने तर मी आता काढूनच टाकते. सरकारी भरतीत आरक्षणासाठी प्रवर्ग लिहावा लागतो, तो तिथल्या अर्जात तिथल्या रकान्यात लिहायचा. खाजगी कंपनीला पाठवायच्या कागदावर जात कशासाठी? सुरुवातीला मी गप्प बसून टाईप करत असे. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं अशी समजूत होती. एक दिवस एक मुलगा शेजारच्या खुर्चीत बसला होता. ‘जात’ या रकान्यापाशी मी आले आणि तो खाली बघायला लागला. मी विचारलं, ‘लिहू का?’ तो म्हणाला, ‘सगळ्यांच्यात असतं ना मॅडम, नाही लिहिलं तर विचारतील.’ माझ्या दुकानापासून चवदार तळं चालत काही मिनिटांवर आहे. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी ज्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच गावात बसून मी तो रकाना टाईप करत होते. त्या दिवशी तो पुसला आणि त्यानंतर स्वतःहून कोणाच्याही बायोडाटात घातला नाही. कोणी आग्रह धरला तर मी कारण सांगते. बहुतेक जण ऐकतात.

खालचं ‘डिक्लेरेशन’ही बघून घ्या. ‘वरील माहिती खरी आहे’ असं लिहून स्थळ आणि तारीख असते, आणि ती तारीख दोन वर्षांपूर्वीची राहून गेलेली असते. मित्राच्या फाईलवरून केलेल्या बायोडाटात मित्राच्या वडिलांचं नाव राहिलेलंही मी पाहिलंय. एका ओळीची चूक, पण वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं की हा प्लांटमधली लॉगशीटही अशीच भरेल.

४. फाईल हलकी ठेवा.

जीमेलमधून २५ एमबीपर्यंतची जोडणी जाते हे खरं. पण ती जाते चांगली रेंज असेल तर. पोलादपूरच्या वर डोंगरात ज्या वाड्या आहेत तिथली मुलं रेंजसाठी टेपावर चढून बसतात, आणि पावसाळ्यात लाईट गेली की टॉवरचाही भरवसा नसतो. मोबाईलने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो कोपऱ्यात बारीक करून चिकटवला तरी फाईलचं वजन बरंचसं तेवढंच राहू शकतं. फोटो दिसायला लहान होतो, आतून होत नाही. तो आधी कॉम्प्रेस करून मग घाला. खाजगी नोकरीसाठी मागितला नसेल तर घालूच नका. नुसत्या अक्षरांचा बायोडाटा दोनशे-तीनशे केबीत बसतो आणि एका दांडीच्या रेंजवरही निघून जातो. दाखल्यांच्या प्रती मागितल्या असतील तर बारा वेगवेगळे फोटो जोडू नका, एकच पीडीएफ करा, सगळी पानं सरळ उभी. आणि शेवटच्या तारखेच्या रात्रीची वाट बघू नका, निदान जून ते सप्टेंबर तरी.

५. नावं जुळवून घ्या.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, पॅनवर मधलं नाव गाळलेलं, आणि इंग्रजी स्पेलिंग तिन्हीकडे तीन. बायोडाटावर दहावीचं नाव आणि स्पेलिंग ठेवा, कारण पुढचे सगळे दाखले त्याच्याशी ताडून बघतात. लग्न झालेल्या मुलींनी प्रमाणपत्रांवर माहेरचं नाव असेल तर तसं एका ओळीत लिहून टाकावं, म्हणजे पुढे कागद परत येत नाहीत.

फाईलचं नावही नावच. ‘बायोडाटा न्यू फायनल टू’ हे तुमच्या लक्षात राहतं. तिकडे त्याच नावाच्या चाळीस फायली आलेल्या असतात. आधी तुमचं नाव, मग आडनाव, मग पद, एवढंच.

पत्त्यात पिन कोड विसरू नका. आपला रायगड आणि छत्तीसगडमधलं रायगढ इंग्रजीत लिहिताना फक्त शेवटी वेगळे, काही जण तर दोन्ही एकसारखेच लिहितात. मुलाखतीचं पत्र चुकीच्या राज्यात जाऊ नये म्हणून जिल्ह्यापुढे महाराष्ट्र आणि पिन दोन्ही असावेत. ‘मु. पो.’पासून वाडीपर्यंतचा सगळा पत्ता मात्र पहिल्या बायोडाटात लागत नाही. गाव, तालुका, जिल्हा, पिन पुरे.

६. ई-मेल तुमचा, पासवर्डही तुमचाच.

इथे माझी चूक सांगते. पूर्वी कोणाकडे ई-मेल नसला की मीच दुकानात बसून तो उघडून द्यायची, पासवर्ड वहीत लिहायची आणि खात्याला नंबर दुकानाचा टाकायची. मदत करतेय असंच वाटायचं. एका मुलीला मुलाखतीचं बोलावणं आलं, ते त्या ई-मेलवर पडून राहिलं. तिला पासवर्ड माहीत नव्हता, आणि माझी वही त्या आठवड्यात घरी राहिली होती. मी मेल उघडला तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून तीन दिवस झाले होते. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. आजही ती रस्त्यात भेटली की माझ्या पोटात कालवतं.

तेव्हापासून मी कोणाचा पासवर्ड लिहून घेत नाही. खातं त्याच्या हातातल्या मोबाईलवर, त्याच्याच नंबरवर उघडून देते, आणि दोनदा बाहेर पडून परत आत जायला लावते. ई-मेलचा पत्ता साधा असावा, नाव-आडनाव आणि लागलाच तर एखादा आकडा. ‘रॉकिंग’, ‘किंग’, ‘एंजल’ असे शब्द असलेले पत्ते मित्रांसाठी असू देत. आणि अर्ज पाठवल्यावर पंधरा दिवस रोज इनबॉक्स बघा, स्पॅमसुद्धा.

७. जे काम केलं ते कामाच्या शब्दांत लिहा.

मांडणी म्हणजे नुसता फाँट नव्हे. काय वर, काय खाली, काय ठळक, हीसुद्धा मांडणीच, आणि आमच्या मुलांचं खरं नुकसान इथे होतं. आयटीआयमधून अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेड केलेला मुलगा, पाच वर्षं एमआयडीसीत तीन पाळ्यांत राबलेला. बायोडाटात काय? ‘केमिकल कंपनीत ५ वर्षं अनुभव’. आणि त्याच्या वर चार ओळींचं इंग्रजी ‘ऑब्जेक्टिव्ह’, कुठून तरी उचललेलं, जे त्याला स्वतःला वाचून समजावता येणार नाही. मी ते ऑब्जेक्टिव्ह काढते आणि त्याला बोलतं करते. रिॲक्टर किती क्षमतेचा होता? चार्जिंग तू करायचास का? तापमान-दाब कोण नोंदवायचं? ड्रायर कोणता? सॅम्पल लॅबला कोण न्यायचं? गळती झाली तर काय करायचास? दहा मिनिटांत सहा-सात ओळी तयार होतात, आणि त्या बोलताना मुलगा खुर्चीत ताठ बसलेला असतो. त्या ओळी पानाच्या वरच्या भागात जातात. बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र असेल तर ते वर्ग आणि क्रमांकासकट ठळक. बीएस्सीवाल्यांनी एचपीएलसी, जीसी, टायट्रेशन यांतलं स्वतः काय केलं आणि नुसतं काय पाहिलं ते वेगळं लिहावं. मुलाखतीत पहिल्या दोन प्रश्नांत ते उघड होतंच.

कॉन्ट्रॅक्टरकडे काम केलेल्यांना एक कळकळीचं सांगणं. गेट कंपनीचं, गणवेश कंपनीचा, पण पगार कॉन्ट्रॅक्टरकडून, असं आपल्याकडे हजारोंचं आहे. बायोडाटात थेट कंपनीचं नाव लिहून ‘कर्मचारी’ म्हणू नका. २०१४ साली पीएफचा यूएएन नंबर आला. तुमचा पीएफ ज्याने भरला त्याचंच नाव त्या नोंदीत दिसतं. नवी कंपनी तपासणी करते, नाव जुळत नाही, आणि खरं काम केलेला माणूस खोटा ठरतो. ‘अमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत, अमुक कंपनीत’ असं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही. अनुभव तुमच्या हातात आहे, हजेरीपटावर कोणाचं नाव होतं त्याने तो कमी होत नाही.

मधली रिकामी वर्षंही लपवू नका. वडील आजारी होते, घरची भातशेती केली, असं लिहिलेला बायोडाटा मी पाठवलाय आणि त्या मुलाला नोकरी लागली आहे.

८. मराठीत अर्ज असेल तर युनिकोडमध्येच.

पतसंस्था, शाळा, सहकारी संस्था अजून मराठी अर्ज मागतात. जुन्या डीटीपीचे फाँट, शिवाजी म्हणा, श्रीलिपी म्हणा, छापायला सुरेख. पण तो फाँट समोरच्या कॉम्प्युटरवर नसला की तुमचा अर्ज इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन उघडतो. विंडोजमध्ये मंगल, कोकिला, निर्मला हे युनिकोड फाँट मिळतात. त्यात टाईप करा आणि वर सांगितल्याप्रमाणे पीडीएफ करा.

९. फाईल एकाच जागी ठेवू नका.

२२ जुलै २०२१. त्या रात्री सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं. माझं दुकान छपरापर्यंत पाण्यात गेलं. कॉम्प्युटर, प्रिंटर, सतरा वर्षांच्या फायलींच्या हार्डडिस्क, सगळ्यावर गाळाचा थर. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली, पोलादपुरातही केवनाळे आणि सुतारवाडीत माणसं गेली. त्याच्यापुढे दुकानाचं दुःख करायचं नसतं, आणि मी केलंही नाही. पण पंधरा-वीस दिवसांनी मुलं येऊ लागली. घरातले मूळ दाखले भिजून लगदा झालेले, आणि ‘मॅडम, तुमच्याकडे स्कॅन असेल ना?’ असं विचारत उभी. माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. ज्यांनी कधी काळी स्वतःच्याच ई-मेलवर दाखले पाठवून ठेवले होते त्यांचे तेवढे मिळाले. एका मुलाने रत्नागिरीच्या कंपनीला पूर्वी पाठवलेला अर्ज ‘सेंट’मध्ये होता, त्यातून त्याचे आयटीआयचे सगळे कागद बाहेर आले.

म्हणून आता काम झालं की माझ्यासमोर प्रत्येकाला स्वतःच्या ई-मेलवर वर्डची आणि पीडीएफची प्रत पाठवायला लावते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर घ्यायला सांगते. डिजिलॉकर २०१५पासून आहे आणि फुकट आहे.

१०. ई-मेलमध्ये चार ओळी लिहा.

विषयाची जागा मोकळी आणि आत नुसती जोडणी, असे मेल मी दुसऱ्याच्या वतीने खूप पाठवले, आता पाठवत नाही. विषयात पद आणि तुमचं नाव. आत लिहा की जाहिरात कुठे पाहिली, शिक्षण काय, किती वर्षांचा कोणता अनुभव, कधीपासून येऊ शकता; खाली फोन नंबर. एका मेलमध्ये पंचवीस कंपन्यांचे पत्ते रांगेने घालू नका. प्रत्येकाला इतर चोवीस दिसतात.

पाठवायच्या आधी तोच मेल स्वतःला पाठवा आणि फाईल दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा. नाव, नंबर, तारीख मोठ्याने वाचा. तपासायला घरात कोणी नसेल तर महाडला बाजारपेठेत या. टाईप करण्याचे पैसे घेते, वाचून देण्याचे घेत नाही. दुकान सकाळी साडेनऊला उघडतं.